होडीची कुजलेली पाटणी: फायबर ग्लास आणि इपॉक्सीने दुरुस्ती करणाऱ्या नवख्यांसाठी

दिवाळे, सारसोळे, वाशी गाव किंवा ठाण्याचा चेंदणी कोळीवाडा, यांपैकी कोणत्याही किनाऱ्यावर ओढून वर घेतलेल्या फायबरच्या होडीत चढून पाहिले, तर आतल्या जमिनीचा एखादा भाग पायाखाली दबतो असा अनुभव हमखास येतो. बाहेरून होडी धडधाकट असते, इंजिनाची कुरकुर नसते, पण आत ज्यावर आपण उभे राहतो आणि जाळे टाकून ठेवतो ती प्लायवूडची पाटणी आतून भुसभुशीत झालेली असते. घराच्या माळ्याच्या फळ्यांना आपण पाटणी म्हणतो, तोच शब्द मी या लेखात होडीच्या आतल्या जमिनीसाठी वापरतो. होडीचा तळ म्हणजे पाण्याला लागणारा भाग. तळाला भोक असेल, तर हा लेख त्यासाठी नाही.

काम सुरू करण्यापूर्वी पाटणी कुजते कशाने हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावर उभी आहे. बहुतेक जण खाडीच्या खाऱ्या पाण्याला दोष देतात. वास्तविक लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. तिला हवे असते गोडे पाणी, थोडी हवा आणि ऊब. होडी किनाऱ्यावर शाकारून ठेवलेली असताना ताडपत्रीच्या घडीतून किंवा फाटक्या कोपऱ्यातून पावसाचे पाणी आत झिरपते, एखाद्या स्क्रूच्या भोकातून प्लायच्या गाभ्यात शिरते आणि वरच्या फायबरच्या थरामुळे तिथेच अडकून राहते. फायबरचा थर पाणी बाहेर ठेवतो, तसेच आत शिरलेले पाणी आतही ठेवतो. म्हणून कुजलेल्या प्लायवर नुसता नवा थर चढवणारा माणूस रोग झाकून ठेवतो, आणि दोन पावसाळ्यांत त्याला तेच काम पुन्हा करावे लागते.

मुहूर्त आणि मुदत

इपॉक्सीला, म्हणजे दोन घटक मिसळल्यावर कडक होणाऱ्या या चिकट द्रवाला, दमट हवा आवडत नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते, होडी रिकामी असते, म्हणून हीच वेळ दुरुस्तीला सोयीची असे वाटते. परंतु इपॉक्सीच्या दृष्टीने वर्षातले हे सर्वांत वाईट दोन महिने होत. पक्के छप्पर असलेली शेड मिळत नसेल, तर हे काम डिसेंबर ते एप्रिल या काळातच करावे.

दुसरा हिशेब भरतीचा आहे. आपल्या खाडीच्या अनेक उतारांवर गाळ इतका साचला आहे की अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाखेरीज होडी वर घेताही येत नाही आणि परत लोटताही येत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची मोठी भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे येते, म्हणजे दिवसाउजेडी होडी ओढण्याची सोय असते. एका उधाणाला होडी वर घेतली की पुढचे उधाण पंधरा दिवसांनी. मधल्या भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत पाणी उतारापर्यंत येतच नाही. कसलेला कारागीर पंधरा दिवसांत काम उरकतो. नवख्याने मात्र पूर्ण महिना धरावा, कारण लाकूड वाळायला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो आणि घाई नेमकी तिथेच नडते.

होडी वर घेतल्यावर ती केवळ नाळ (पुढचे टोक) आणि मागचा भाग यांखाली दोन ठोकळे देऊन ठेवू नये. पाटणी ही होडीचा आकार धरून ठेवणारी एक ताणपट्टीच असते. ती कापली की सैल झालेल्या बाजू हळूहळू फाकतात, आणि तशाच स्थितीत नवी पाटणी बसवली तर होडी कायमची वाकडी राहते. तळाखाली चार-पाच ठिकाणी वाळूने भरलेल्या गोणी द्याव्यात, दोन्ही कडांवर दोरी आडवी ताणून रुंदी मोजावी आणि तो आकडा खडूने होडीवरच लिहून ठेवावा.

कुजलेला भाग शोधणे

हातोडीच्या दांड्याने पाटणीवर वीतभर अंतराने ठोकत जावे. चांगल्या लाकडाचा आवाज खणखणीत येतो आणि कुजलेल्या भागाचा बद्द. दोन-चार मिनिटांत कान सरावतो. जिथे आवाज बदलतो तिथे खडूने रेघ ओढावी आणि त्या रेघेच्या आतबाहेर ६ मिलिमीटरच्या बिटाने चाचणीची भोके पाडावीत. बिटाबरोबर कोरडा, फिकट भुसा आला तर लाकूड चांगले. काळपट, चिकट लगदा आला किंवा कुबट वास आला, तर तो भाग गेला असे समजावे. ओलावा लाकडाच्या धाग्याने पुढे सरकतो, त्यामुळे खरी हद्द खडूच्या रेघेच्या बरीच बाहेर सापडते. निरोगी लाकूड लागल्यावरही आणखी ८-१० सेंटीमीटर कापण्याची तयारी ठेवावी.

याच भोकांतून आणखी एक गोष्ट कळते. अनेक होड्यांमध्ये पाटणीखाली तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. बिटाबरोबर ओला फोम आला, तर तो सगळा काढावा लागेल, कारण एकदा पाणी प्यालेला फोम जागच्या जागी वाळत नाही. तो काढल्यावर तितकाच नवा, पाणी न पिणारा फोम परत भरायचा आहे हे विसरू नये. होडी उलटली तर तीच आपली शेवटची आशा असते.

सामान

इपॉक्सी म्हणजे दुकानात मिळणाऱ्या दोन छोट्या ट्यूब नव्हेत. आपल्याला किलोने मिळणारे, थर चढवण्याचे पातळ रेझिन आणि त्याच कंपनीचा, त्याच रेझिनसाठीचा हार्डनर, म्हणजे त्याला कडक करणारा दुसरा घटक हवा. तुर्भे, महापे, रबाळे या औद्योगिक पट्ट्यात फायबरची कामे करणारे कारखाने आहेत, त्यामुळे हा माल नवी मुंबईत शोधायला फार फिरावे लागत नाही. फिरावे लागते ते योग्य सल्ल्यासाठी. दुकानात ‘फायबरचे रेझिन’ मागितले की समोर येते ते बहुधा पॉलिएस्टर रेझिन, कारण होड्या मुळात त्याचेच बनवतात आणि ते स्वस्त असते. मात्र जुन्या, वाळलेल्या फायबरवर आणि लाकडावर पॉलिएस्टरची पकड इपॉक्सीइतकी येत नाही, आणि दुरुस्तीत सगळा भार पकडीवरच असतो. ज्यांना तरीही पॉलिएस्टरच वापरायचे आहे, त्यांनी एक गोष्ट जिवाच्या मोलाने लक्षात ठेवावी: त्याचा कोबाल्टचा जांभळा प्रवेगक आणि कॅटॅलिस्ट हे दोन्ही कधीही थेट एकत्र करू नयेत, त्याने स्फोट होतो.

काचेच्या कापडाच्या बाबतीतही अशीच गफलत होते. तुटक धाग्यांची जी पांढरी मॅट सर्वत्र मिळते, तिचे धागे एका चिकट भुकटीने एकत्र धरलेले असतात आणि ती भुकटी पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळते. इपॉक्सीत स्टायरीन नसते. त्यामुळे ती मॅट इपॉक्सीत ताठ राहते, कोपऱ्यात बसत नाही आणि आत हवा धरते. इपॉक्सीसाठी विणलेले किंवा शिवलेले कापडच घ्यावे. पाटणीसाठी चौरस मीटरला ४०० ग्रॅम वजनाचे कापड हाताळायला सोपे पडते.

प्लाय घेताना त्यावर आयएस ७१० हा मरीन प्लायचा शिक्का पाहावा. आयएस ३०३ हा सर्वसाधारण वापराच्या प्लायचा क्रमांक आहे, आणि ‘वॉटरप्रूफ आहे, साहेब’ या आश्वासनाने त्याचा मरीन प्लाय होत नाही. कापलेल्या कडेकडे निरखून बघावे. थरांमध्ये पोकळी दिसली तर ती शीट परत करावी.

किती माल लागेल याचा अंदाज असा काढता येतो. समजा ८ बाय ४ फुटांची एक पूर्ण शीट, म्हणजे सुमारे ३ चौरस मीटर पाटणी बदलायची आहे. ४०० ग्रॅमच्या कापडाचे दोन थर म्हणजे सुमारे २.४ किलो कापड, आणि हाताने थर चढवताना कापडाच्या वजनाइतकेच रेझिन धरावे. प्लायच्या दोन्ही बाजू आणि कडा बंद करायला सव्वा किलो, तर चिकटवणे आणि कोपरे भरणे यांसाठी दीड किलो. ही बेरीज पाच किलोंच्या आसपास येते; त्यावर वीस टक्के चढ धरून हार्डनरसह सहा किलो माल आणावा. याखेरीज इपॉक्सी घट्ट करण्यासाठी बारीक सिलिका पावडर, ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा, नायट्राइलचे हातमोजे, गॉगल, एन-९५ मास्क, स्वस्तातले ब्रश, रोलर, पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा पट्टा आणि ४०, ८० व १२० नंबरचे पॉलिश पेपर लागतील.

कापणे, वाळवणे, घासणे

कापण्यापूर्वी पाटणीखालून डिझेलची नळी किंवा वायर गेली आहे का हे पाहावे. चकतीच्या करवतीची खोली पाटणीच्या जाडीइतकीच लावावी, नाहीतर एका झटक्यात होडीचा तळ चिरला जाईल. बाजूच्या भिंतीला लागून पाटणीची ४-५ सेंटीमीटरची पट्टी निरोगी असेल तर ती तशीच ठेवावी, पुढे तिचा आधार होतो. निघालेला जुना तुकडा फेकू नये. नव्या प्लायवर तो ठेवून आखणी केली की निम्मे मोजमाप वाचते.

आता होडीचे पोट उघडे पडेल. आतले आधाराचे दांडे टोच्याने तपासावेत. दांड्यांवरचे फायबर चांगले पण आतले लाकूड गेलेले असेल, तर आधी ते बदलावे. पोकळ दांड्यावर नवी पाटणी म्हणजे वाळवी लागलेल्या तुळईवर नवे कौल. दांड्यांना खालच्या बाजूने पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेल्या खाचा गाळ, मासळीचे खवले आणि जुन्या रंगाच्या खपल्यांनी हमखास तुंबलेल्या असतात. त्या मोकळ्या करून तारेचा तुकडा आरपार फिरवून खात्री करावी. माझ्या मते या दहा मिनिटांच्या कामाने पाटणीचे आयुष्य जितके वाढते, तितके कापडाच्या जादा थराने वाढत नाही.

त्यानंतर पोट गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढावे आणि वाळू द्यावे. दिवसा ऊन आणि वारा द्यावा, रात्री दव पडू नये म्हणून ताडपत्री उंच ताणून बांधावी, होडीला चिकटवून नव्हे. लाकडातला ओलावा बारा टक्क्यांच्या खाली हवा. मीटर नसेल, तर लाकडावर पारदर्शक प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवावा. सकाळी त्याच्या आतल्या बाजूला वाफ धरली असेल, तर अजून थांबावे.

घासण्याच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा आहे. आधी एसिटोनच्या फडक्याने तेल आणि डिझेल पुसून काढावे आणि मगच ४० नंबरच्या पेपरने घासावे. आधी घासले तर तेल ओरखड्यांत शिरते आणि तिथे इपॉक्सी कधीच धरत नाही. जोडाच्या भोवती १० सेंटीमीटरपर्यंत रंग काढून फायबर मंद, खरखरीत दिसेपर्यंत घासावे. काचेची धूळ अंगाला भयंकर खाजते, म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा आणि नंतर थंड पाण्यानेच अंग धुवावे. खाली ताडपत्री अंथरून ही धूळ गोणीत भरावी, चिखलात झटकू नये. हीच ठाणे खाडी २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ म्हणून जाहीर झाली आहे. आणि शेवटी त्याच चिखलात आपली माणसे चिंबोऱ्या धरतात.

इपॉक्सी मिसळणे

नवख्यांचे काम बिघडते ते इथे. प्रत्येक इपॉक्सीचे प्रमाण वेगळे असते; कुठे १०० ग्रॅम रेझिनला १०-१२ ग्रॅम हार्डनर, तर कुठे त्याच्या कितीतरी पट. डब्यावर प्रमाण वजनाने दिले आहे की मापाने हेही बघावे. पॉलिएस्टरमध्ये कॅटॅलिस्टचे थेंब कमीजास्त करून वाळण्याचा वेग बदलता येतो, ती सवय इथे पूर्णपणे सोडावी. इपॉक्सीत रेझिन आणि हार्डनर एकमेकांत गुंफले जातात, त्यामुळे जादा हार्डनर घातल्याने काम लवकर होत नाही. जो भाग उरतो तो चिकट, कमजोर गोळा म्हणून आतच राहतो. मला एका विक्रेत्याने ‘गरमीत थोडा कमी टाका’ असे सांगितले होते आणि मी ते ऐकले. आठवड्यानंतरही त्या थरात नख रुतत होते, आणि तो सगळा थर मला पटाशीने खरवडून काढावा लागला.

एका वेळी २००-२५० ग्रॅमच मिसळावे. सावकाश, दोन मिनिटे, भांड्याच्या कडा आणि बूड खरवडत ढवळावे. मिश्रण स्वतःच उष्णता निर्माण करते आणि भांड्यात ढीग असेल तर ती बाहेर पडू शकत नाही. तापमान दहा अंशांनी वाढले की प्रक्रिया साधारण दुप्पट वेगाने होते. पहिल्या वर्षी एप्रिलच्या दुपारी मी प्लास्टिकच्या मगात जवळपास किलोभर मिसळले आणि फोन घ्यायला वळलो. परत पाहिले तेव्हा मगाची कड मेणासारखी वाकली होती, मधोमध पिवळा धूर निघत होता आणि ब्रश त्यात उभाच्या उभा गाडला गेला होता. म्हणून मिसळलेले इपॉक्सी लगेच पसरट ट्रेमध्ये ओतावे. एखादे भांडे तापू लागलेच तर ते उघड्यावर, चिखलावर नेऊन ठेवावे, कचऱ्यात टाकू नये.

हात मळले तर साबणाने धुवावेत, एसिटोनने नव्हे. एसिटोन ते रसायन कातडीत आणखी खोल नेते, आणि इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर पाठ सोडत नाही.

पाटणी बसवणे

नवा प्लाय आधी कोरडाच बसवून पाहावा. होडीच्या भिंतीला तो घट्ट टेकू नये. २-३ मिलिमीटरची फट ठेवावी, नाहीतर लाटेच्या माऱ्यात प्लायची कड भिंतीला एकाच रेषेत आतून ढोसत राहते आणि तिथे तडा जातो. मग खालच्या बाजूला दोन आणि वरच्या बाजूला एक, असे पातळ इपॉक्सीचे हात द्यावेत. कडा सर्वांत जास्त पितात, त्यांना जितके हवे तितके पाजावे. हा पहिला हात दुपार कलल्यावर, लाकूड थंड होऊ लागले की द्यावा. सकाळी दिला तर वाढत्या उन्हाने लाकडातली हवा फुगते आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांची पुरळ उठते. संध्याकाळी तेच लाकूड हवेबरोबर इपॉक्सी आत ओढून घेते.

बिजागऱ्या, कड्या किंवा बाक यांच्यासाठी जिथे स्क्रू येणार आहेत तिथे आताच दुप्पट व्यासाची भोके पाडून ती घट्ट इपॉक्सीने भरावीत आणि वाळल्यावर त्यांच्या मधोमध स्क्रूचे भोक पाडावे. अशा रीतीने स्क्रू लाकडाला शिवतच नाही आणि पाण्याला वाट उरत नाही.

चिकटवण्यासाठी इपॉक्सीत सिलिका पावडर कालवून ते टांगलेल्या चक्क्याइतके घट्ट करावे. चमच्यावरून ओघळले तर आणखी पावडर घालावी. दांड्यांवर हा चक्का जाडसर लावून प्लाय ठेवावा आणि वर वाळूच्या गोण्या ठेवून थोडासाच दाबावा. कडेने चक्क्याची बारीक रेघ बाहेर आली की पुरे. जास्त दाबले तर जोडात काही उरतच नाही.

दुसऱ्या दिवशी पाटणी आणि भिंत यांच्या कोपऱ्यात तोच चक्का भरून जुन्या चमच्याच्या पाठीने गोलाई द्यावी. काचेचे कापड काटकोनात वळत नाही, त्याला ही गोलाई लागते. ती अजून नखाला किंचित मऊ लागत असतानाच तिच्यावर आधी १० आणि मग १५ सेंटीमीटर रुंदीची कापडाची पट्टी चढवावी, म्हणजे दोन्ही पट्ट्यांच्या कडा एकाच रेषेत येत नाहीत.

वरचा थर

सगळे कापड आधीच कापून, क्रमांक घालून, गुंडाळून ठेवावे. चिकट मोज्यांनी कात्री धरता येत नाही. पृष्ठभागावर रोलरने पातळ इपॉक्सी लावावे, त्यावर कापड मधून बाहेर उलगडत न्यावे आणि वरून थोडे थोडे इपॉक्सी द्यावे. पांढरे कापड भिजले की पारदर्शक होते आणि खालच्या लाकडाचे रेषे दिसू लागतात. पांढरट डाग उरला तर तिथे इपॉक्सी कमी आहे. चंदेरी ठिपके दिसले तर हवा आहे. पट्ट्याने मधून कडेकडे निपटत जादा इपॉक्सी काढून टाकावे, कारण डबक्यावर तरंगणाऱ्या कापडाने ताकद वाढत नाही, फक्त वजन वाढते. थर नीट बसला असेल तर कापडाची वीण हाताला जाणवली पाहिजे. दोन तुकड्यांचा जोड ५ सेंटीमीटर एकमेकांवर घ्यावा. पहिला थर चिकट असतानाच दुसरा चढवावा. मध्ये रात्र गेली तर मात्र पुढची पायरी चुकवता येत नाही.

ती पायरी म्हणजे धुणे. आपल्या दमट हवेत वाळत्या इपॉक्सीवर मेणासारखा, किंचित निसरडा पापुद्रा येतो. तो घासून जात नाही, उलट पॉलिश पेपर भरून टाकतो आणि वरचा रंग धरू देत नाही. सुदैवाने तो साध्या पाण्यात विरघळतो. भांड्यांचा हिरवा घासणीचा तुकडा आणि गोडे पाणी घेऊन सगळी पाटणी घासावी आणि कोरड्या फडक्याने पुसावी. पाणी थेंबाथेंबाने न फुटता सपाट पसरले, की पृष्ठभाग स्वच्छ झाला. त्यानंतर उंचसखल भागांत लांबी (पुट्टी) भरून, ८० आणि १२० नंबरने सपाट करावे.

इपॉक्सीला ऊन सोसत नाही, त्यामुळे रंग हा शोभेचा नसून संरक्षणाचा भाग आहे. आठवडाभर पक्के होऊ दिल्यावर दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग द्यावा. पहिला हात ओला असताना त्यावर चाळलेली, कोरडी, बारीक वाळू भुरभुरावी, वाळल्यावर सुटी वाळू झाडून दुसरा हात द्यावा. मासळीचे पाणी सांडलेल्या गुळगुळीत पाटणीवर पाय कसा सरकतो हे सांगण्याची गरज नाही.

पाटणीत हात जाईल एवढे एक झाकण ठेवायला विसरू नये. होडी उधाणाला पाण्यात गेल्यावर आठ दिवसांनी ते झाकण उघडून आत कोरडे सुती फडके फिरवावे. फडके ओले आले तर ते घरी नेऊन उन्हात वाळवावे. आपल्या खाडीचे पाणी जिभेला लावून पाहण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. वाळलेल्या फडक्यावर मिठाची पांढरी खर आली, तर पाणी खालून, तळातून येत आहे आणि होडी पुन्हा वर घ्यावी लागेल. खर आली नाही, तर ते दवाचे किंवा पावसाचे गोडे पाणी आहे. मग एखादा स्क्रू, झाकणाची कड किंवा ताडपत्रीची घडी शोधायची, आणि तीही त्याच दिवशी.